पाहुण्यांची खुर्ची

३ मार्च

आजपासून रोज लिहायचं. कल्पना माझी नाही, हिची. संध्याकाळी ही ड्यूटीवरून आली, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली, आणि मी नव्या सरकारच्या शपथविधीला कोण कुठे बसणार हे तिला पहिल्या रांगेपासून सांगायला घेतलं. तिसऱ्या रांगेत पोचलो असेन, तर म्हणते, "अहो, हे सगळं एखाद्या वहीत लिहा ना. वहीला झोप येत नाही."

तर वहीबाई, ओळख करून देतो. मी राजशिष्टाचार विभागात आसनव्यवस्था बघतो. मंत्री निवडणं हे जनतेचं काम आणि त्यांना बसवणं हे माझं. दोन्हींपैकी कशाला जास्त डोकं लागतं ते मी सांगणार नाही, कारण मी सरकारी नोकर आहे. सरकारं पडली, उठली, एक तर सकाळी बसून दुपारी पडलं, पण खुर्च्या त्याच राहिल्या. त्यांना फक्त दर वेळी पुसून घ्यावं लागतं.

ही नदीकाठच्या सरकारी प्रसूतिगृहात मुख्य परिचारिका आहे. आमची कन्या म्हणते, आई लोकांना जगात आणते आणि बाबा त्यांना जागा दाखवतात. कॉलेजात गेल्यापासून तिची जीभ वाढली आहे. कोणावर गेली आहे कोण जाणे.

५ मार्च

घोडं कुठे पेंड खातं ते आज कळलं. पाहुण्यांपाशी.

पाहुणे म्हणजे कोण, हे या शहरात कोणाला सांगावं लागत नाही. सिमेंट त्यांचं, बंदर त्यांचं, वीज त्यांची आणि ती गेल्याची बातमी छापणारं वर्तमानपत्रही त्यांचंच. निवडणुकीत आमचे मोठे साहेब ज्या हेलिकॉप्टरमधून उतरले तेही त्यांचं, आणि हरलेले साहेब ज्यातून उतरले तेही. पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकत नाही. मात्र त्यांना पद कुठलंच नाही. म्हणून सचिवालयात त्यांचं नाव कोणी घेत नाही, 'पाहुणे' म्हणतात.

"ते पहिल्या रांगेत हवेत," सचिव मला म्हणाले.

"कोण म्हणून, साहेब?"

"म्हणजे?"

"पहिल्या रांगेत बसणारा माणूस कोणीतरी असावा लागतो. न्यायाधीश, राजदूत, निदान माजी काहीतरी."

"ते कशाचे माजी नाहीत." सचिवांनी चष्मा काढून पुसला. "आणि होणारही नाहीत. माजी सरकारं होतात."

माणूस हुशार आहे. सगळ्या सरकारांत टिकला आहे तो उगीच नाही.

१२ मार्च

शपथविधी पार पडला. पाहुण्यांना मी सरन्यायाधीश आणि राजदूत यांच्या मधल्या सोफ्यावर बसवलं. सोफ्याला पाटी लावावी लागत नाही, ही त्यातली मेख. दोन्ही बाजूंच्या पाट्यांमुळे मधला माणूसही काहीतरी असावा असं वाटत राहतं. माझ्या या युक्तीचं वर्तमानपत्रात कौतुक आलं नाही; युक्ती यशस्वी झाल्याची ती खूण.

एक गंमत पाहिली. शपथ घेताना झाडून सगळे मंत्री एकाच दिशेला बघत होते. मला वाटलं, शपथेचा मजकूर मोठ्या अक्षरात लिहून तिथे कोणी धरलाय. जाऊन बघितलं तर तिथे पाहुणे बसलेले. मजकूर वगैरे काही नाही. आरोग्यमंत्री तर 'निर्भयपणे' या शब्दाशी अडकले, तेव्हा पाहुण्यांनी मान हलवून त्यांना धीर दिला. मग सुटले.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डाचं छत गळतंय, ते या नव्या आरोग्यमंत्र्यांना कधी सांगता येईल?" मी म्हटलं, छत माझ्याकडे येत नाही, माझं काम जमिनीपासून दीड हात उंचीपर्यंतच.

२१ मार्च

मंत्रिमंडळाची पहिली बैठक गेल्या आठवड्यात झाली. पाहुणे 'सहज, शुभेच्छा द्यायला' आले आणि शेवटपर्यंत थांबले. त्यांना बसायला शिपायाचं स्टूल दिलं गेलं. मी बाहेरगावी नसतो तर हे घडलं नसतं. परत आल्यावर सचिवांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्या स्टुलाचा पाय होतो.

"दालनात त्यांना कायमची जागा हवी," ते म्हणाले. "नियमात बसवा."

बसवणं तर माझं कामच आहे. मी दोन दिवस जुने नियम चाळले आणि सापडलं. कधी काळी एका पुराच्या वर्षी नदीखात्याच्या म्हाताऱ्या अभियंत्याला मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसवून घेत असत. त्याच्यासाठी 'कायम निमंत्रित' असं एक कलम केलं होतं. पूर ओसरला, म्हातारा गेला, कलम रद्द करायचं राहिलं. आमच्याकडे रद्द करणं हे कोणाच्याच टेबलावर येत नाही.

कायम निमंत्रिताला मंत्र्यांच्या टेबलाशी खुर्ची मिळते. हातवाली, उंच पाठीची. खुर्ची मिळाली की बैठकीचे विषय आधी मिळतात. विषय मिळाले की त्यात सुचवणी करता येते. हे सगळं कलमात आहे, मी काहीच घातलं नाही. मी फक्त धूळ झटकली.

सचिव चक्क उभे राहून म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून हे राज्य चाललंय." मी घरी येऊन हे दोनदा सांगितलं. कन्या म्हणाली, "बाबा, हे कौतुक होतं की तक्रार?"

४ एप्रिल

आज पाहुण्यांशी प्रत्यक्ष बोललो. मोठी माणसं किती साधी असतात हे छोट्या माणसांना कळत नाही. बैठकीआधी लवकर आले होते. मी त्यांची खुर्ची टेबलाजवळ सरकवत होतो, तर म्हणाले, "ही खुर्ची तुम्ही शोधलीत म्हणे. बसायला छान आहे." मग घरचं विचारलं. ही काय करते ते विचारलं. कुठल्याच मंत्र्यानं आजवर मला एवढं विचारलं नव्हतं. एकानं तर मला वर्षभर फर्निचरचा कंत्राटदार समजून वागवलं.

मी सांगितलं, नदीकाठच्या प्रसूतिगृहात असते. म्हणाले, "वा, जागा फार सुरेख आहे. गर्दी असते का हो खूप?"

आता माणूस आपुलकीनं विचारतो, तर आपणही काही खासगी सांगावं. म्हटलं, "कसली गर्दी साहेब, निम्म्या खाटा रिकाम्या असतात हल्ली." त्यांनी 'असं का' म्हणून मान हलवली. छत गळतं म्हणून अर्धा वॉर्ड बंद ठेवलाय, बायकांना जमिनीवर गाद्या घालून झोपवतात, हेही सांगणार होतो, पण तेवढ्यात मोठे साहेब आत आले आणि सगळे उठून उभे राहिले. मोठे साहेब बसेपर्यंत नव्हे. पाहुणे बसेपर्यंत.

हिला म्हटलं, तुझी चौकशी केली त्यांनी. ती म्हणाली, "माझी कशाला?" कौतुक पचवता न येणं हा हिचा जुना आजार.

१९ एप्रिल

पुढच्या बैठकीचे विषय आले. एरवी मी फक्त किती माणसं ते बघतो, पण आज 'नदीकाठचे' हा शब्द दिसला म्हणून वाचलं. नदीकाठचे शासकीय प्रसूतिगृह बंद करून ती जागा 'एकात्मिक आरोग्यनगरी'साठी देणे. कोणाला देणे, ते लिहिलेलं नाही. पण सुचवणी कोणाची, त्या रकान्यात 'कायम निमंत्रित' एवढंच होतं.

आरोग्यनगरीत पंचतारांकित हॉटेल, बोटींचा धक्का आणि खासगी रुग्णालय आहे. रुग्णालय तिसऱ्या टप्प्यात. तोवर लोकांनी आरोग्य सांभाळून राहावं अशी सरकारची अपेक्षा दिसते.

हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. मग म्हणाली, "अलीकडच्या वस्तीतल्या बायका पूल ओलांडून जिल्हा रुग्णालयात जाणार? कळा सुरू झाल्यावर?"

"त्याची सोय करतील ना काहीतरी."

"तुम्ही असता ना त्या खोलीत?"

"मी भिंतीशी असतो."

"भिंतीला तोंड नसतं का?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "अहो, एकदा बोला. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही."

हे खरं नाही. पडदे मागितले होते. पण मी ते बोललो नाही.

२३ एप्रिल

मी बोलणार नाही, हे मला माहीत होतं. ज्याला खुर्ची नाही त्यानं बोलू नये, हा नियम मीच लोकांना शिकवतो. पण मला एक सुचलं आहे आणि ते बोलण्यापेक्षा फार वरच्या दर्जाचं आहे.

खुर्चीच नसेल तर? कायम निमंत्रिताची खुर्ची दुरुस्तीला गेली असेल, तर कलमानुसार तो हजर नाही. हजर नाही तर त्याचा विषय पुढे ढकलला जातो. हे वाक्यही त्याच कलमात आहे, शेवटून दुसरं. खुर्चीचा हात सैल झाल्याचं मी सुताराला कळवलं. हात घट्ट होता. सुतार म्हणाला, "साहेब, आधी सैल करून देऊ की तसाच घट्ट करू?" मी म्हटलं, आधी ने तर खरं.

हिला काही सांगितलं नाही. काम झाल्यावर सांगीन. बघू मग कसा चेहरा होतो.

२५ एप्रिल

बैठक झाली.

पाहुणे आले, टेबलाशी त्यांच्या जागी मोकळी फरशी. मी भिंतीशी उभा, चेहऱ्यावर खेद. खेद मला चांगला जमतो, तो खात्यात आल्या दिवसापासून शिकवतात. सचिवांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुरुस्तीला गेलीय." क्षणभर सगळं सरकार थांबलं. खरंच सांगतो, घड्याळाचा आवाज येत होता.

मग आरोग्यमंत्री उठले. आपली खुर्ची ओढून त्यांनी पाहुण्यांच्या मागे धरली आणि म्हणाले, "बसा ना. मला उभ्यानंच बरं वाटतं, पाठीचा त्रास आहे." पाहुणे बसले, आरोग्य खात्याच्या पाटीसमोर. आरोग्यमंत्री माझ्याशेजारी भिंतीला टेकून राहिले. मी त्यांना हळूच विचारलं, "साहेब, पाठीचा त्रास कधीपासून?" म्हणाले, "आत्तापासून."

विषय आला. आरोग्य खात्याचं म्हणणं मांडायला सांगितलं, तर पाटीसमोर पाहुणे बसलेले, त्यांनीच मांडलं. "निम्म्या खाटा रिकाम्या असतात. हे मी नाही म्हणत, तिथल्या घरच्याच माणसांचं म्हणणं आहे." पुढे कोणी काही विचारलं नाही. मोठे साहेब म्हणाले, "सगळ्यांची संमती?" सगळ्यांनी हात वर केले. भिंतीशी आरोग्यमंत्र्यांनीही केला, पाठीचा त्रास असूनही.

बाहेर पडताना सचिव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उत्तम केलंत. एक खुर्ची कमीच बरी. वेगळी खुर्ची दिसायला वाईट दिसत होती. यापुढे ज्या खात्याचा विषय, त्या खात्याच्या खुर्चीत ते बसतील." माझ्या युक्त्यांचं नेहमी असंच होतं, त्या मला वाटतात त्याहून जास्त यशस्वी होतात.

हिला सगळं सांगितलं. खुर्ची कशी लांबवली होती तेही. 

"निम्म्या खाटा रिकाम्या, हे त्यांना कोणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"असेल कोणीतरी तुमच्या आतलंच. या लोकांची माणसं सगळीकडे पेरलेली असतात."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कन्यापण बघत राहिली. मग ही म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा," आणि उठून आत गेली. थकते हल्ली फार.

८ मे

ही आज दुपारी जेवायला आली नाही. बायकांना जिल्हा रुग्णालयात हलवणं चालू आहे. खाटा ट्रकमध्ये चढवताना ती तिथेच उभी होती म्हणे. मी फोन केला तर म्हणाली, "इथे आज निम्म्या नाही, सगळ्या खाटा रिकाम्या आहेत. कळवायचं असेल तर कळवा." कोणाला कळवायचं ते सांगितलं नाही. मी विचारणार तोवर फोन ठेवला.

१४ मे

आरोग्यनगरीची कोनशिला बसवायचा समारंभ प्रसूतिगृहाच्या अंगणातच होणार. आसनव्यवस्था माझी. हिची ड्यूटी किल्ल्या सोपवण्याची. कन्या म्हणाली, "वा, दोघं एकाच समारंभाला. फोटो काढा." गेल्या काही दिवसांत घरात एवढाच विनोद झाला.

१७ मे

आज जे घडलं ते क्रमानं लिहितो, कारण उद्या मला ते खात्यालाही लिहून द्यायचं आहे, आणि तिथे क्रम वेगळा असणार.

अंगणात मांडव. पहिल्या रांगेत मंत्र्यांच्या खुर्च्या आणि मधोमध पाहुण्यांच्या पांढऱ्या सोफ्याची जागा. उन्हानं तापू नये म्हणून सोफा मी शेवटपर्यंत आतल्या प्रतीक्षालयात ठेवला होता. प्रतीक्षालय रिकामं. भिंतीवर खाटांच्या लोखंडाचे ओरखडे, बाकी काही नाही. हवेत अजून फिनेलचा वास.

समारंभाला थोडाच वेळ होता आणि मागच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आत एक पोरगेली बाई आणि तिची आई. बाईला कळा सुरू झालेल्या. आईच्या हातात कपड्यांची पिशवी. तिनं मला विचारलं, "भाऊ, नाव कुठे लावायचं?" मी म्हटलं, "हे बंद झालंय. पुलापलीकडे जा." रिक्षावाला म्हणाला, "पुलावर पोलिसांनी अडवलंय. मंत्री येतायत."

एवढ्यात ही आली. तिनं बाईच्या पोटाला हात लावला, आणि मला जे कळायला वेळ लागला असता ते तिला तिथल्या तिथे कळलं. तिनं बाईला धरून आत आणलं आणि प्रतीक्षालयात चारी बाजूंना बघितलं. बघण्यासारखं एकच होतं.

"अहो, तो पाहुण्यांचा..." मी म्हटलं.

"त्या बाजूनं धरा," ही म्हणाली. "भिंतीला लावायचाय."

मी धरला. दुसरी बाजू रिक्षावाल्यानं धरली. मग तिनं मला मांडवातला जादा पडदा आणायला सांगितला आणि तो आडवा धरून, पाठ फिरवून, उभं राहायला सांगितलं. माझं तोंड खिडकीकडे. खिडकीतून सगळा मांडव दिसत होता. मागे बाई कण्हत होती, तिची आई काहीतरी पुटपुटत होती, आणि ही तिच्या त्या ड्यूटीवरच्या आवाजात बोलत होती. मी घरी तो आवाज कधी ऐकलेला नाही. "घाबरू नकोस. मी आहे ना. आता जोर कर." माझ्या हाताला कळ लागली होती, ते मी तेव्हा बोललो नाही, एवढं शहाणपण मला आहे.

खिडकीतून पाहिलं. पाहुणे आले. पहिल्या रांगेत मधोमध भोक. सगळं मंत्रिमंडळ एका दमात उठलं. जो तो आपली खुर्ची पुढे करतोय. अर्थ, गृह, पाटबंधारे, सगळी खाती रिकामी. मोठे साहेबही उठले. एकाची घेतली तर बाकीच्यांना वाईट वाटेल, म्हणून की काय, पाहुणे हसून उभेच राहिले. मग बसणार कोण? अख्खं सरकार उन्हात उभं राहिलं आणि खुर्च्या मागे रिकाम्या. माझ्या कारकिर्दीतली ही एकमेव आसनव्यवस्था, जिच्यात कोणीच बसलं नाही.

मोठे साहेब उभ्यानं भाषण करत होते. 'माता आणि बालक हेच आमचं...' एवढ्यात बाळ रडलं. मोठ्यानं. माझ्या पाठीमागून, खिडकीतून, मांडवभर. साहेब थबकले. सचिवांनी कानात काही सांगितलं असावं, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मुलगी झाली. हिनं मला बाळ दाखवलं नाही, पण पडदा खाली करा म्हणाली.

१८ मे

पाहुण्यांच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो: रांगेत उभं मंत्रिमंडळ, टाळ्या वाजवताना. खाली मोठ्या अक्षरात, 'आरोग्यनगरीत पहिला जन्म. सरकारने उभे राहून केले स्वागत.' बाईचा फोटो नाही. सोफ्याचाही नाही.

सचिव खूश. "याहून चांगली सुरुवात ठरवूनही झाली नसती. सोफ्याचं तेवढं लिहून द्या." मी लिहून दिलं, की सदर सोफा प्रसूतीसाठी वापरावा लागला, कारण इमारतीत खाट नव्हती. त्यांनी 'कारण' पासून पुढचं खोडलं आणि सही केली.

हिला बढती मिळाली. आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीत, टेबल आणि फिरती खुर्ची. रुग्णांशी संबंध नाही. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "ठेवा तुमच्याकडे."

२९ मे

ही कचेरीत जात नाही. रजा टाकली आहे. सकाळी उठून प्रसूतिगृहाच्या मागच्या फाटकाशी जाऊन बसते. अजून काही बायका इथेच येतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी म्हटलं, "तिथे बसायला काय आहे?" म्हणाली, "पायरी."

आज रविवार, म्हणून मीही बरोबर गेलो. तिनं नको म्हटलं नाही. या असंही म्हटलं नाही. पायरीवर दोघं बसलो. आतून काहीतरी पाडल्याचे आवाज येत होते.  मग मी म्हटलं, "मी त्यांना खाटांचं बोललो होतो, पण छताचं सांगणारच होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगणारच असता."

तेवढ्यात रिक्षा आली. आत बाई, बरोबर नवरा, घाबरून पांढराफटक. "सिस्टर, दवाखाना चालू आहे ना?" ही उठली, आत डोकावली, बाईचा हात धरला. "बंद आहे. वेळ आहे अजून, पोचू आपण. सरका थोडं." आणि ती रिक्षात चढली. तिघं बसल्यावर जागा उरली नाही. तिनं मागे वळून बघितलं नाही. रिक्षा पुलाकडे वळली.

मी पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं नव्या गणवेशातला पहारेकरी आला. चांगला बोलला, अरेरावी नाही. "काका, इथे बसता येणार नाही. जागा खासगी आहे आता."

इतकी वर्षं मी लोकांना बसवत आलो. मला कोणी उठवण्याची ही पहिलीच वेळ.

उठलो.